एक तारा, एकोणीस दिवस

13 मे 2024. संध्याकाळचा टेम्पो नुकताच गेला होता आणि मी पडवीत बसून उरलेले पुठ्ठ्याचे खोके मोजत होते. पुण्याच्या एका जुन्या गिऱ्हाईक बाईंचा फोन आला. दर वर्षी दोन पेट्या घेतात, त्यामुळे ऑर्डरच असेल असं वाटलं. त्या म्हणाल्या, "ताई, रागावू नका, पण गुगलच्या नकाशावर तुमच्या बागेच्या नावाखाली लोकांनी काय लिहिलंय ते पाहिलंत का? मी माझ्या जावेला तुमचा नंबर दिला होता. तिने आधी तिथे पाहिलं आणि मलाच विचारलं, तू आंबे घेतेस तरी कुठून?"

मी पाहिलं नव्हतं. फोन ठेवला आणि लगेच उघडून बघितलं. एका खाली एक अशी तीन परीक्षणं होती, तिन्हींना एकेक तारा. सर्वांत जुनं 24 एप्रिलचं. म्हणजे एकोणीस दिवस ती तिथे होती, येणारा जाणारा वाचत होता, आणि ज्यांच्याबद्दल लिहिलं होतं त्या आम्हालाच पत्ता नव्हता. मधल्या काळात अक्षय तृतीया होऊन गेली होती. आमच्या धंद्यात ह्या सणाच्या आधीचे दहा दिवस म्हणजे हंगामाचा कणा.

पुढचं सगळं समजायला थोडं मागचं सांगते. आमची बाग देवगड तालुक्यात आहे. थोडी कलमं मातीच्या जमिनीत, थोडी कातळावर सुरुंग लावून खड्डे काढून लावलेली. सासरे होते तोवर सगळा माल नवी मुंबईत वाशीच्या घाऊक बाजारात जायचा. पेटी भरायची, गाडीत चढवायची, दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाची चिठ्ठी, यायची. आमचा आंबा कोणी खाल्ला, त्याला आवडला की नाही, हे आम्हाला कधी कळलं नाही. आमचं नाव फक्त दलालाला माहीत होतं. 2020च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत बाजार अडकला, झाडावर फळ तयार होतं, आणि कोकणातल्या कितीतरी बागायतदारांसारखा आम्हीही थेट गिऱ्हाइकाला माल पाठवायला लागलो. मुंबई-पुण्यातले नातेवाईक, त्यांच्या सोसायट्या, तिथून पुढे ओळखीच्या ओळखी. 2021मध्ये पुतण्याने नकाशावर आमच्या बागेचं पान उघडून दिलं. तेव्हा त्याला गुगल माय बिझनेस म्हणत. टपालाने पाच आकडी कोड असलेलं कार्ड आलं, त्याने तो कोड टाकला आणि आम्ही नकाशावर दिसू लागलो. कोणीतरी पाच तारे दिले की पुतण्या त्याचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचा. ते पान म्हणजे घराबाहेर लावलेली पाटी, एकदा लावली की झालं, अशीच माझी समजूत होती.

त्या रात्री मी पहिलं परीक्षण चार वेळा वाचलं. डोंबिवलीच्या एका गृहस्थांनी लिहिलं होतं: "24 पैकी 5 आंबे आतून पांढरे आणि आंबट. बाहेरून सुंदर. देवगडच्या नावाखाली फसवणूक." दुसरं एका मुलीचं होतं, बहुधा विद्यार्थिनी: "कच्चे आंबे पाठवले, कापले तर दगड. पैसे वाया." तिसरं सगळ्यात लहान: "1800 घेतले, आंबा नाही, फोन बंद. चोर."

चोर हा शब्द वाचल्यावर मला जे वाटलं ते इथे लिहिता येत नाही. ह्या घरात गड्याची मजुरी एक दिवस उशिरा दिलेली नाही.

नवऱ्याने तिन्ही वाचली आणि म्हणाला, काढून टाक. तेव्हा कळलं की काढता येत नाही. पान आपलं असलं तरी परीक्षण लिहिणाऱ्याचं असतं. मालक उत्तर देऊ शकतो किंवा ते नियमात बसत नाही अशी तक्रार करू शकतो. आणि नियम असा आहे की गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यातल्या खऱ्या-खोट्यात गुगल पडत नाही. शिवीगाळ, धमकी, जाहिरात, भलत्याच विषयावरचा मजकूर, खोटा अनुभव, प्रतिस्पर्ध्याने लिहिलेलं, कोणाची खासगी माहिती उघड करणारं, असं काही असेल तरच ते हटतं. "आंबा आंबट होता" हे कोणत्याही नियमाविरुद्ध नाही.

दुसरी अडचण आमची आम्हीच करून ठेवलेली. पान पुतण्याच्या ईमेलवरून उघडलं होतं. प्रत्येक नव्या परीक्षणाची सूचना त्या ईमेलवर जात होती आणि तो ईमेल त्याने कॉलेज संपल्यापासून फारसा उघडलेलाच नव्हता. त्यात बाकीच्या हजारो पत्रांखाली आमच्या तिन्ही सूचना पडून होत्या. रात्री अकराला त्याला फोन केला. तो म्हणाला, "काकी, चुकलंच. थांबा, आत्ता तुम्हाला जोडतो." त्याने मला मालक म्हणून जोडलं. मुख्य मालकी माझ्याकडे यायला आणखी सात दिवस थांबावं लागलं, कारण नव्याने जोडलेल्या माणसाला तेवढे दिवस ती घेता येत नाही. पण उत्तर लिहिता येत होतं.

मी लिहायला बसले. डोंबिवलीच्या गृहस्थांना पहिलं उत्तर लिहिलं ते जवळजवळ दीड पान झालं. साका म्हणजे काय हे सगळं त्यात होतं. हापूसच्या गराला आतून बिघाड होतो, गर पांढरट, स्पंजासारखा आणि आंबट राहतो, बाहेरून काही दिसत नाही, वासानेही कळत नाही. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं, आकाराने मोठं असलं, खालून जमिनीची गरम वाफ लागली, की प्रमाण वाढतं. कोकण कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून रत्ना ही जात काढली, तिच्यात साका होत नाही, पण लोकांना हापूसच हवा असतो. हे सगळं खरं होतं. शेवटी मी लिहिलं होतं की देवगडचा आंबा कळायला देवगडला यावं लागतं.

सासूबाई जाग्याच होत्या. त्यांना वाचून दाखवलं. त्या शेवटपर्यंत ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "साको होतो काय नाय होतो?"

"होता असणार, आई. फोटो टाकलाय त्यांनी."

"मगे होतो म्हणान सांग. पैसे परत दी. येवढा कित्याक लिवलंस?"

मी ते सगळं पुसलं. जे ठेवलं ते एवढंच: "तुम्हाला आलेल्या फळांत साका होता, फोटोवरून स्पष्ट दिसतो. हा दोष बाहेरून ओळखता येत नाही, पण त्याचा भार तुम्ही सोसायचं कारण नाही. पाच फळांचे पैसे परत करते किंवा पुढच्या तोडीतली फळं पाठवते. इतके दिवस उत्तर दिलं नाही याबद्दल माफ करा. तुमचं लिहिलेलं मी आज पाहिलं." खाली माझा नंबर.

त्यांचा पत्ता आणि फोन आमच्या वहीत होता. नवरा म्हणाला, उत्तरातच लिही की अमुक तारखेला अमुक पत्त्यावर पेटी पोचली. ते मी केलं नाही. गिऱ्हाइकाची माहिती चव्हाट्यावर मांडायची नसते, मग तो आपल्याला कितीही बोललेला असो. मी वेगळा फोन केला. ते आधी तुटकच बोलले. मग म्हणाले की त्यांच्या वडिलांची पंच्याहत्तरी होती, आमरसाचा बेत होता, आणि पाहुण्यांसमोर एकामागून एक आंबा पांढरा निघत गेला. "फसवणूक" हा शब्द कुठून आला ते मला तेव्हा समजलं. पाच आंब्यांची किंमत त्यात नव्हतीच. पुढच्या तोडीतला एक डझन पाठवला. त्यांनी परीक्षण काढलं नाही, पण त्याच्याखाली भर घातली की बागेने चूक मान्य केली आणि आंबे पाठवले, आणि तारे एकाचे तीन केले. मला ते पाच ताऱ्यांपेक्षा मोलाचं वाटतं, आजही.

दुसऱ्या परीक्षणातल्या मुलीला आम्ही कच्चाच आंबा पाठवला होता. आम्ही सगळ्यांना कच्चाच पाठवतो. तयार आंबा प्रवासात दबतो. घरी पेंढ्यात किंवा वर्तमानपत्रात ठेवून पाच ते आठ दिवसांत तो पिकतो, रंग बदलतो, वास सुटतो, देठाजवळ किंचित सुरकुती पडते, मग कापायचा. हे सांगणारी चिठ्ठी प्रत्येक खोक्यात असते. निदान असायला हवी. मी तिला फोटो मागितला, तिने रिकाम्या खोक्याचा पाठवला. चिठ्ठी नव्हती. एप्रिलच्या शेवटी गर्दीत दोन नवे गडी पॅकिंगला घेतले होते. त्यांना चिठ्ठी म्हणजे कागदाचा कचरा वाटला असणार, आणि त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं काम माझं होतं.

आता ते तिसरं. 1800 रुपयांचं.

आमच्या वहीत त्या नावाचा माणूस नव्हता. बँकेत 1800ची अशी कुठली रक्कम आलेली नव्हती. नवरा म्हणाला, बघ, हा खोटा, ह्याची तक्रार कर, हे नक्की हटेल. माझंही बोट त्या बटणावर गेलं होतं. पण "फोन बंद" ह्या दोन शब्दांनी मला थांबवलं. आमचा फोन कधी बंद नसतो. कोणी वाईटासाठी खोटं लिहिणार असेल तर आंब्याबद्दल लिहील, फोनबद्दल कशाला लिहील? म्हणून तक्रारीऐवजी उत्तर लिहिलं: "आमच्या वहीत तुमची ऑर्डर मला सापडत नाही, आणि पैसेही आलेले दिसत नाहीत. तुम्ही कोणत्या नंबरवर पैसे पाठवलेत ते कळवाल का? कोणी आमच्या नावाने पैसे घेतले असतील तर ते शोधायला मला तुमची मदत हवी आहे."

मालकाने उत्तर दिलं की लिहिणाऱ्याला सूचना जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. ठाण्याचे निवृत्त शिक्षक. त्यांनी मला एका समाजमाध्यमावरच्या पानाचा दुवा पाठवला. बागेचं नाव आमचं. फोटो आमचे. "5 डझन फक्त 900 रुपयांत, घरपोच, आधी पैसे भरा." त्या सुमारास आम्ही डझनाला 800 रुपये घेत होतो. नंबर भलताच. गुरुजींनी दहा डझन सांगितले होते, मुलीच्या सासरी पाठवायला. पैसे गेल्यावर त्यांनी नकाशावर आमचं नाव शोधलं, आमचंच पान सापडलं, आणि त्यांनी तिथे राग काढला. त्यांच्या जागी मी असते तर हेच केलं असतं.

त्या पानावरचा सगळ्यात वरचा फोटो मी सासूबाईंना दाखवला. आढीत, म्हणजे पिकायला पेंढ्यात मांडलेल्या राशीत, आंबे लावणारा एक हात, हिरव्या बांगड्या, मनगटाजवळ भाजल्याचा जुना डाग. त्यांनी फोन हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला.

"हो हात माझो आसा," त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. शेवटी म्हणाल्या, "माझ्या हातान लोकांका फसवतत."

तो फोटो मी 2022च्या हंगामात काढून आमच्या पानावर टाकला होता.

पुढचे दिवस कसे गेले ते सविस्तर सांगते, कारण माझ्यासारख्या कोणावर वेळ आली तर उपयोगी पडेल. सगळ्यात आधी मी गुरुजींना 1930 ह्या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला लावला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवायला सांगितलं. ज्याचे पैसे गेले त्यानेच ही तक्रार करायची असते आणि ती जितकी लवकर तितकी बरी. रक्कम पुढच्या खात्यात सरकायच्या आत गोठवली गेली तर परत मिळण्याची आशा असते. गुरुजींना तीन आठवडे झाले होते. पैसे मिळाले नाहीत. आम्ही आमच्या बाजूने वेगळी तक्रार केली, की आमच्या नावाने फसवणूक चालू आहे, आणि त्याची प्रत जपून ठेवली.

ते पान बंद करायला मी आधी "दुसऱ्या व्यवसायाचं सोंग घेतलं आहे" अशी तक्रार केली. नवऱ्याने, दिराने, पुतण्याने, सगळ्यांनी केली. चार दिवस काही हललं नाही. मग पुतण्याने विचारलं, "काकी, मूळ फोटो आहेत का तुमच्या फोनमध्ये?" होते, तारखेसकट. फोटो काढणाऱ्याचा त्या फोटोवर हक्क असतो, आणि तो चोरून वापरला आहे अशी तक्रार वेगळ्या अर्जाने करता येते. ती केली, मूळ फोटो जोडले. पहिल्या तक्रारीपासून नवव्या दिवशी पान गेलं. जूनमध्ये दुसऱ्या नावाने पुन्हा तोच हात दिसला, पण तेव्हा काय करायचं ते माहीत होतं आणि ते दोन दिवसांत गेलं. तेव्हापासून आमच्या फोटोत आढीच्या कडेला एक पाटी असते. खडूने बागेचं नाव आणि त्या दिवसाची तारीख. फोटोच्या कडेला छापलेलं नाव कापून काढता येतं. आंब्यांच्या मधोमध ठेवलेली पाटी कापली तर आंबेच कापले जातात.

गुरुजींनी तो एक तारा स्वतःहून काढला. मी मागितलं नव्हतं. 2025ला त्यांनी आमच्याकडून चार डझन घेतले.

आता आकड्यांचं. त्या तीन परीक्षणांपूर्वी आमच्याकडे 38 होती आणि सरासरी 4.7. तीन एकेक तारे पडल्यावर 41 झाली आणि सरासरी 4.5 वर आली. पुन्हा 4.7 दिसायला किती पाच तारे लागतील ते पुतण्याने काढून दाखवलं: सलग 22. तीन माणसांनी जे खाली आणलं ते वर न्यायला बावीस माणसं. आणि समाधानी माणूस सहसा लिहीत नाही, आंबा खातो आणि हात धुतो.

त्याहून मला हलवून गेला तो दुसरा हिशोब. मी ऑर्डरची वही काढून मागच्या वर्षाशी ताडून पाहिली. अक्षय तृतीयेच्या आधीच्या पंधरवड्यात जुनी गिऱ्हाइकं जवळजवळ तेवढीच होती. नवी 31 वरून 9 वर आली होती. मी तोवर दोष उन्हाला देत होते, भावाला देत होते, कर्नाटकातून येणाऱ्या आंब्याला देत होते. जुनी माणसं थेट फोन करतात. नवं माणूस आधी बघतं, वाचतं, आणि न सांगता निघून जातं. त्याचा फोन येतच नाही, त्यामुळे ते गेलं हेही कळत नाही.

ह्याच सुमारास मला दोन अनोळखी नंबरांवरून निरोप आले: 50 पाच-तारे परीक्षणं, इतके इतके रुपये, पंधरा दिवसांत. मुंबईतल्या चुलत्यांनीही आपणहून सांगितलं, आम्ही वीसेक जण लिहितो की. हे मोहात पाडणारं होतं, हे कबूल करते. 22चा आकडा डोक्यात बसला होता. पण पैसे देऊन किंवा सवलत देऊन लिहून घेतलेली परीक्षणं नियमाविरुद्ध आहेत, आणि आपल्या भारतीय मानक ब्युरोनेही 2022मध्ये ऑनलाइन परीक्षणांसाठी आयएस 19000 हे मानक आणलंय, त्याचा गाभाच हा आहे की लिहिणारा खरा असावा आणि त्याचा अनुभव खरा असावा. ते मानक ऐच्छिक आहे. सासूबाईंना मानक माहीत नाही. त्या म्हणाल्या, "जेणा आंबो खावक नाय, तो चव काय सांगतलो?" चुलत्यांना मी नको म्हणून कळवलं. फसवणाऱ्यांनी आमच्या नावावर खोटं लिहिलं म्हणून आम्ही चिडलो होतो. मग आम्हीच आमच्या नावावर खोटं लिहायचं?

त्याऐवजी मी एक केलं. पेटी पोचल्यावर नवव्या-दहाव्या दिवशी, म्हणजे आंबे खाऊन होत आले असतील अशा बेताने, प्रत्येक गिऱ्हाइकाला एकच निरोप पाठवायला लागले: आंबे कसे निघाले, किती खराब निघाले, जे असेल ते सांगा, नकाशावर लिहिलंत तरी चालेल. खूश असलेल्यांनाच तेवढं लिहायला सांगायचं आणि नाराजांना गुपचूप बाजूला घ्यायचं, असंही करता येतं. मी ते केलं नाही, सगळ्यांना तोच निरोप. भीती वाटत होती. पण झालं असं की नाराज माणसं मला आधी फोनवर सांगू लागली. तक्रार कोणीतरी ऐकतंय म्हटल्यावर त्यांना ती भिंतीवर लिहायची गरज उरली नाही.

ह्या फोनांची मी वही केली. कुठल्या तारखेची पेटी, कुठल्या भागातली तोड, कोणत्या गाडीने गेली, काय निघालं. हंगाम संपला तेव्हा नकाशावरच्या आणि फोनवरच्या मिळून 17 तक्रारी वहीत होत्या. पावसाळ्यात एका संध्याकाळी नवरा आणि मी ती घेऊन बसलो. साक्याच्या 11 तक्रारी होत्या आणि त्यांतल्या 8 वरच्या कातळावरच्या कलमांतल्या, तेही 20 एप्रिलनंतर काढलेल्या फळांतल्या. नवरा लहानपणापासून त्या बागेत आहे. तो म्हणाला, कातळ तापतो हे मला माहीत होतं, पण कुठल्या आठवड्यापासून तापतो ते कोणी असं लिहून दाखवलं नव्हतं. वाशीला माल जायचा तेव्हा हे कळायची सोयच नव्हती. पट्टीवर भाव असतो, त्यात साका लिहिलेला नसतो.

2025ला आम्ही कातळावरची फळं आठ-दहा दिवस आधी झेल्याने (काठीला बांधलेल्या जाळीने) उतरवली, पक्व होऊ लागली की लगेच, झाडावर वाट न बघता. झाडांखाली गवत पसरलं. मोठी फळं वेगळी काढून ती थेट गिऱ्हाइकाला द्यायची बंद केली, जरी त्यांना भाव जास्त मिळतो. खोक्यांवर भागाचा आकडा लिहायला सुरुवात केली: मातीच्या बागेला एक, कातळाला दोन. चिठ्ठी आता खोक्याच्या झाकणाला आतून चिकटवलेली असते, ती विसरता येत नाही. पॅकिंगला नवा माणूस आला की पहिला खोका मी त्याच्याबरोबर भरते.

नजर ठेवायचं म्हणाल तर आता ते दिवसाच्या कामात बसून गेलंय. हंगामात रात्री साडेनऊला, शेवटचा टेम्पो गेला आणि हिशोब झाला की, पंधरा मिनिटं. पान उघडते, नवं काही असेल तर त्याच रात्री उत्तर. फोनची बॅटरी वाचवण्याच्या सोयीमुळे सूचना अडतात, म्हणून सूचनेवर विसंबत नाही, स्वतः जाऊन बघते. पानावरचा फोन नंबर आणि वेळ जशीच्या तशी आहे ना तेही बघते, कारण कोणीही परका माणूस त्यात बदल सुचवू शकतो. रविवारी दोन-तीन फोटो गुगल लेन्समध्ये टाकून दुसरीकडे कुठे दिसतात का ते पाहते. गुगल अलर्ट म्हणजे नाव इंटरनेटवर कुठे आलं की ईमेलने कळवणारी सोय, त्यात बागेचं नाव अवतरणचिन्हांत घालून ठेवलंय, मराठीत आणि इंग्रजीत लोक ज्या ज्या प्रकारे लिहितात त्या चार स्पेलिंगांत. त्यातून वर्षात दोनदाच काही हाती लागलं. ते काही बिघडत नाही, पण त्याच्या भरवशावर मात्र राहू नये. आमच्याबद्दलचं खरं बोलणं सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चालतं आणि तिथे कुठलंही यंत्र पोचत नाही. तिथे माणसंच पोचतात. ठाणे, कोथरूड, नाशिक, चिंचवड, अशा सहा-सात ठिकाणी जुनी गिऱ्हाइकं आहेत, ज्यांना मी सांगून ठेवलंय की आमच्याबद्दल वाईट काही वाचलंत तर आधी मला पाठवा, लाजू नका. पुण्याच्या त्या बाईंनी फोन केला नसता तर एकोणीसचे चाळीस दिवस झाले असते.

हापूसला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. 2025च्या हंगामात देवगडच्या बागायतदारांच्या सहकारी संस्थेने फळावर लावायचा वेगळ्या क्रमांकाचा स्टिकर आणला, की गिऱ्हाइकाला अस्सल फळ ओळखता यावं. असं काहीतरी व्हायलाच हवं होतं. पण स्टिकर फळ कुठलं ते सांगतो, साक्याबद्दल तो काही सांगू शकत नाही, आणि ती पेटी पाठवणारं माणूस उद्या फोन उचलेल का, हेही नाही. ते आम्हालाच सांभाळायचं आहे.

2025च्या मेमध्ये एका रात्री नाशिकहून नवं परीक्षण आलं. तीन तारे. "चव उत्तम, पण 24 पैकी 2 आतून पांढरे." खाली खोक्याच्या झाकणाचा फोटो, त्यावर माझ्या अक्षरातला आकडा दिसत होता. सासूबाई शेजारी बसून दुसऱ्या दिवसाच्या चिठ्ठ्या मोजत होत्या. मी त्यांना वाचून दाखवलं.

"खयच्या कलमाचो?" त्यांनी विचारलं.

"एक नंबर, आई. मातीतलो."

त्यांनी चिठ्ठ्या खाली ठेवल्या. "मातीतलो? तारीख बघ."

मी वही उघडली.